वर्गणीची वही

निंबापाण्यात बारावी झालेली मी एकटीच,
म्हणून वही माझ्याकडे आली.
दोनशे पानी, पुठ्ठ्यावर धावता घोडा.
पहिल्या पानावर जपून लिहिलं: मिनार.
खाली रेघ, पट्टीनं.

सिकंदर रुबाब तडवी, पाचशे एक.
लुकमान छब्बीर, दोनशे. शंभर बाकी.
हुरबाई, पैसे नाहीत, दीड पायली दादर.
नथ्थू फत्तू बकरी देणार होता,
बकरी बिबट्यानं नेली.
त्याचं नाव तरी राहू दिलं,
समोरची जागा कोरी.

मशीद म्हणजे चार भिंती आणि पत्रा.
भोंगा बांबूला बांधलेला, बांबू कडुनिंबाला.
वारा फिरला की अजान डोंगरात शिरते,
आणि पावऱ्यांच्या पाड्यावर बाया
तिच्या अंदाजानं चूल पेटवतात.

मौलाना मालेगावचे, बावीस वर्षांचे.
आमची बोली त्यांना निम्मी कळते,
त्यांची उर्दू आम्हाला निम्मी.
ते पोरांना अलिफ-बे शिकवतात,
पोरं त्यांना केळीचं पिल कापायला.
त्यांच्या पांढऱ्या कुर्त्यावर आता
आमच्यासारखेच चिकाचे डाग,
कुठल्याच साबणाला न जुमानणारे.

अकराव्या रोज्याला डीपी जळाली.
मोठा आवाज नाही झाला.
खांबावर निळं काहीतरी फडफडलं, तेल ठिबकलं,
आणि चौदा मोटारी एका दमात गप्प.
पंचेचाळीस अंश. बाग निसवणीवर.
वायरमन म्हणाला, नंबर लावा, महिना लागेल.
मग आणखी काहीतरी म्हणाला,
हळू, आकड्यात.

त्या रात्री तरावीहनंतर कोणी उठलं नाही.
बाया बाहेर ओट्यावर, मी दाराशी, वही मांडीवर.
लुकमान म्हणाला, अल्लाच्या नावानं काढलेला पैसा आहे.
सिकंदर म्हणाला, मग केळी काय सैतानानं लावली?
सगळ्यांनी मौलानांकडे पाहिलं.
नुकत्या फुटलेल्या दाढीवरून हात फिरवत
ते म्हणाले, मैं मालेगाव फोन करके पूछता हूँ,
आणि रेंजसाठी टेकडी चढायला लागले.

ते यायच्या आतच जुम्माबाबा बोलले,
सहरीला तेलाचा डबा वाजवत गाव उठवतात ते:
"मिनार उभा व्हई जाई, आन गाव सुरतले निंघी जाई,
मंग बांग कोनले देवानी?"
बाहेरून हुरबाई: "मना दाना शे त्यामा.
दानाले पानीच लागस."

मौलाना खाली आले तेव्हा हिशोब सुरू झाला होता.
मालेगावहून काय उत्तर आलं
कोणी विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.
बसले, आणि खिशातून दोनशे काढून
माझ्या वहीवर ठेवले.

पहिल्या पानावरचा शब्द मी खोडला नाही.
स्वल्पविराम दिला, पुढे लिहिलं: डीपी.
आतल्या पानावर भाडं, क्रेन, ऑइल,
आणि एका ओळीत चहापाणी, आठ हजार.
रोज्याचे दिवस,
तिथं माझा पेन जरा अडला.

एकविसाव्याला डीपी बसली.
त्या हप्त्यात लाईट रात्रीची,
बाराला येणार, आठला जाणार.
सगळं गाव बागेत. नळ्या उकलायच्या, फुटलेल्या बांधायच्या,
बॅटरीच्या उजेडात केळीची पानं हत्तीच्या कानांसारखी हलत.
आम्ही भाकरी तिकडेच नेली, कळण्याची, ठेच्यासोबत,
पाटाच्या कडेला, पाय चिखलात.

पावणेचारला गावातून डब्याचा आवाज आला.
घरांना कड्या. आत फार तर दोन-चार तान्ही पोरं
आणि त्यांच्या म्हाताऱ्या.
तरी प्रत्येक दाराशी थांबून थांबून
डबा वाजत होता,
रुबाबच्या, फत्तूच्या, शेवटी हुरबाईच्या.
मग तो पांदीला लागला, बागेच्या दिशेनं,
मोटारींच्या आवाजात एकेकदा बुडत.

मिनारच्या सळ्या पत्र्यावर उघड्याच आहेत.
एकीवर होला बसतो.
वहीत तीनशे चाळीस शिल्लक,
आणि लुकमानचे शंभर अजून बाकी.