मधली जागा धरू नये

रावपुऱ्यात, सायकलच्या दुकानावर,
हरगोवनभाईंचा छापखाना.
तिथे मी प्रुफं तपासायची,
महिन्याला साठ रुपये, वर दुपारचा चहा.
टिपणीस मास्तर बाराच्या सुमारास जिना चढून येत,
बसायचे दोन तास, रोज, खिडकीजवळच्या स्टुलावर,
आणि मंडळाच्या मासिकासाठी कोडी रचायचे.
वीस प्रश्न. प्रत्येकाखाली एक वाक्य.
उत्तर वाक्यातच, दोन शब्दांच्या सांध्यात.
नियम वर, चौकटीत:
अक्षरांचा क्रम बदलू नये.
मधली जागा धरू नये.

विश्वामित्रीत राहते, पण तिच्याकडे पाहुणा जात नाही:
"एवढं काय काम गरजेचं होतं?"
धातू असून ओघळतो:
"नको बापा, राहू दे."
आपल्या शहराच्या नावात जो पारंब्यांसकट उभा आहे:
"पूल ओलांडताना जीव डगमगला."

पहिल्या महिन्यात मला मगर दिसलीच नाही.
मास्तर म्हणाले, तू शब्द वाचतेस. थोडं कमी वाच.

हरगोवनभाईंना मराठी समजायचं अर्धंमुर्धं,
खिळे ते चेहऱ्यावरून ओळखायचे.
म्हणायचे, तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली,
दोरी तुटली की शब्द संपला.
आमच्या गुजरातीत दोरीच नाही,
ज्याने त्याने आपल्या पायावर उभं राहायचं.
एकदा ओळ बसेना म्हणून त्यांनी
"जीव" आणि "डगमगला" चिकटवून टाकले.
मास्तर दोन दिवस आले नाहीत.
तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले,
वड फुकट वाटलात, भाई.

मार्चच्या अंकात एकोणिसावा प्रश्न:
लक्ष्मीचं आसन.
"खिशात एक मळकट रुमाल."
विसावा: त्याचंच दुसरं नाव.
"घर बदललं, तरी तोच वास रोज येतो."
मी म्हटलं, लागोपाठ दोन्ही? सोपं नाही का होणार?
ते म्हणाले, आजवर अवघड करून काय मिळवलं?

उत्तरं आली एकेचाळीस.
विसाव्याला कोणी पंकज लिहिलं, कोणी राजीव,
एका निवृत्त मामलेदारांनी अंबुज, नीरज आणि पुंडरीक,
यातलं कोणतंही घ्यावं, अशी टीप जोडून.
ज्यांना माहिती होती त्यांनी माहिती लिहिली.
वाक्याकडे कोणी बघितलं नाही.

एक कार्ड कारेलीबागेतून.
जांभळी शाई, एकाखाली एक उत्तरं, वीसच्या वीस बरोबर.
सगळ्यात खाली, जरा बाजूला सरकवून,
सरोज.
त्याखाली काही नाही. ना सही, ना पत्ता.
मला वाटलं, सही करायची राहिली.

कार्ड मास्तरांना दाखवलं.
त्यांनी उत्तरं तपासली नाहीत.
चष्मा काढला, खिशातून रुमाल काढला, काच पुसली,
पुन्हा पुसली.
रुमाल खरोखरच मळकट होता.
मग म्हणाले, निनावी आहे, नियमाप्रमाणे बाद.
नियम त्यांचाच.
कार्ड मात्र बाद कार्डांच्या डब्यात पडलं नाही.

बक्षिसाचा लीला चिवडा
मी आणि हरगोवनभाईंनी संपवला, एप्रिल उजाडायच्या आत.
मनुका त्यांच्या, बटाटा माझा.

पुढच्या अंकात उत्तरांचं पान.
एकोणीस ओळी.
मग आकडा वीस, पूर्णविराम, आणि पुढे कोरं.
हरगोवनभाई हातात खिळा धरून थांबले,
मास्तर, अहीं शुं मूकुं?
काही नको. तीन अक्षरांची जागा सोडा.

त्यांनी तीन कोरे खिळे बसवले.
कोरे खिळेही शिशाचेच असतात, वजनाला तितकेच.
संध्याकाळी ओलं प्रुफ माझ्यापुढे आलं.
चौथ्या ओळीतला एक ऱ्हस्व मी दीर्घ केला,
अकराव्याला अनुस्वार दिला,
आणि विसाव्या ओळीला
पेन्सिल लावली नाही.