पाणसळ

डिसेंबरात दहा दिवस सरकार बेळगावात येतं.
त्याआधी मी जातो, हलग्याच्या माळावर,
पिशवीत पटाशी, सरस, पाणसळ.
अध्यक्षांची खुर्ची कुरकुरते, असा फोन आलेला.

रिकाम्या सभागृहात बसून बघितलं.
मार्शल कल्लाप्पा दारातनं ओरडला,
"मोनाप्पा, काय करूलालास रे!"
म्हटलं, बसल्याशिवाय खुर्ची बोलत नाही.

तिथून दोन्ही बाजू सारख्याच लांब दिसतात.
हाताशी घंटा, माइक बंद करायचं बटण.
मत नाही. मत तेव्हाच,
जेव्हा दोन्ही पारडी अडून बसतात,
बुडबुडा नेमका मधोमध थांबतो तेव्हा.

फरशी थोडी कलती होती.
कुठल्या बाजूला, ते मी सांगणार नाही.
सागाची पातळ चीप एका पायाखाली सारली.

तिसऱ्या दिवशी बिजागरी निसटली म्हणून परत बोलावणं.
दाराआड उभा होतो, ओठांत दोन स्क्रू.
आमच्या भागातला आमदार, इतका वेळ चांगलं कानडी बोलणारा,
एकदम मराठीत उसळला,
"माचीवाडीच्या शाळेचं छप्पर
पोरांवर पडायची वाट बघताय काय?"
झालं. छप्पर राहिलं बाजूला,
भाषेवरून सगळे पेटले.

अध्यक्ष उभे राहिले.
ते उभे राहिले की बाकीच्यांनी बसायचं, असा नियम.
बसले एकेक, तापल्या तव्यावर बसावं तसे.

ज्याला दुसरी येत नाही त्याला
आईच्या भाषेत बोलू द्यायचं का,
हेही त्या खुर्चीच्याच हातात.
पण याला येत होती.
आणि यानं विचारलं नव्हतं.
"हे वाक्य कामकाजातून काढा," अध्यक्ष कानडीत म्हणाले.
लेखनिक बाईंनी एक रेघ ओढली.
मला कानडी कळतं.
रेघ काही कळली नाही.

संध्याकाळी, दिवे निम्मे विझलेले,
खाली वाकून मी चीप सरकली का बघत होतो.
बूट दिसले. वर बघितलं, तेच.
हळू, अडखळत, आजोळची असावी तशी मराठी,
"ते छप्पर... कुठल्या गावचं म्हणाले?"
गाव सांगितलं. खानापूरच्या पुढं,
शेवटची बस साडेचारला.
त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यात लिहिलं,
घडी करून खिशात घातलं.
तेही कामकाजात नाही.

"खुर्ची सरळ आहे ना आता?"
पाणसळ ठेवून दाखवली.
बुडबुडा बराच वेळ हलत राहिला,
खुर्चीवर त्यांचा हात होता.