काई नाई

भिंतीला भोक पडलं ते मुठीएवढं.
पुलगावचा राजिक मेकॅनिक म्हणाला,
काका, खिडकी काढायची नाही, टीन उचकटायचा नाही,
मूठ जाते तिथून थंडी येते.
सेलूच्या मंगल कार्यालयात छतातून पत्र्याचे बोगदे नेलेत,
त्यात उंदरीण व्याली
आणि ऐन मंगलाष्टकात लेंड्या पडल्या नवरदेवाच्या फेट्यावर.
तसलं काही मला नको होतं.
मागची स्लॅबची एक खोली थंड व्हावी,
बाकीचं घर तापो.

अर्धं यंत्र आत, अर्धं बाहेर,
मधे तांब्याची नळी काळ्या फोमात गुंडाळलेली.
बाहेरचं निंबाखाली उभं राहून गुरगुरतं,
घरातली सगळी ऊब ओकतं.
आतलं फक्त पापणी उघडतं.

कूलर होता तोवर आम्ही ओरडून संसार केला.
होळी झाली की वाळ्याच्या ताट्या बदलायच्या,
तो खिडकीला लावायचा,
आणि मृग लागेपर्यंत घरात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही.
चौदा गुंड पाणी प्यायचा दिवसाला.
नळ चौथ्या दिवशी.
भरायची द्वारका. मी लाइनमन,
मी कुठल्यातरी खांबावर.
संध्याकाळी घरी यावं तर ती बादली ओतता ओतता
काहीतरी बोलत असायची कूलरच्या पाठीशी.
मी विचारायचो, काय?
ती म्हणायची, काई नाई.

बत्तीस उन्हाळे.

रात्री आठला व्होल्टेज कसं पडतं
हे माझ्याहून जास्त कुणाला ठाऊक,
म्हणून आधी स्टॅबिलायझर घेतला, मग यंत्र.
सव्वीसवर ठेवा, राजिक म्हणाला, बिल झेपेल.
नवतप्याचा दुसरा दिवस. दार लावलं.
खोली हळूहळू निवली,
पाण्यात ठेवलेल्या दुधाच्या भांड्यासारखी.
आणि मग ऐकू यायला लागलं.
घड्याळ. पालीचं चुकचुकणं.
तिच्या गुडघ्यातली कट् कट्,
जी कधीपासून वाजते मला माहीत नव्हतं.

ती भिंतीकडे तोंड करून होती.
हळूच म्हणाली, नेहमीच्याच आवाजात,
"नर्सचा फारम भरला होता म्या वर्ध्याले.
चिठ्ठीबी आली होती."

काय? मी सवयीनं विचारलं.

"ऐकलं तुमी," ती म्हणाली.
"आता ऐकू येते."

यंत्रानं पापणी खाली केली, वर केली.
मी सव्वीसचं पंचवीस केलं.
पुन्हा सव्वीस.
त्या चिठ्ठीचं काय झालं हे मला माहीत होतं.

आता सकाळी निंबाखाली बादली अर्धी भरलेली असते,
खोलीतल्या हवेतून गळलेलं पाणी.
जुना पाणी प्यायचा, हा पाणी देतो,
हे मी तिला दोनदा सांगितलं.
ती ते पाणी सीताफळाच्या रोपाला घालते.
त्याला तीन पानं फुटलीत.

भंगारवाला आला होता. कूलरचे साडेचारशे देत होता.
"राहू द्या," द्वारका म्हणाली.
मी म्हटलं, कशाला?
"राहू द्या."

काल दुपारी जाग आली तर खाट रिकामी.
अंगणातून तोच आवाज, जुना, खडखडणारा.
पडदा सारून पाहिलं.
टीनाच्या सावलीत कूलर सुरू केलेला,
टाकीत थेंब नाही, ताट्या कोरड्या ठक्क,
नुसती तापलेली हवा फेकत होता.
त्याला टेकून ती बसलेली, घामानं निथळत,
कानाला फोन,
बहिणीशी, बेबीनंदाशी बोलत होती. हात हलवून.
मधेच हसली, डोळ्याला पदर लावला,
पुन्हा हसली.

ओठ दिसत होते.
ऐकू काही येत नव्हतं.

मी पडदा सोडला.
भोकाभोवतीचं सिमेंट अजून ओलसर आहे,
तिथं बोट लावून पाहिलं.
थंड होतं.