अस्तर

लोक आधी रंग देतात.
गार्थ स्टोल्ट्झ म्हणतो, अख्खं इंडियाना आधी रंग देतं,
मग गालिचा, मग सीट, मग दारांच्या आतल्या फळ्या.
तू अंघोळीआधी सूट घालून बसलायस.
गार्थ चाळीस वर्षं गाड्या रंगवतोय, त्याचं चुकत नाही.
घासकागदाची धूळ, त्याने दोनदा बजावलं,
एकदा शिवणीत शिरली की बाहेर येत नाही.
मी मान डोलावतो.
चिकटपट्टीची बारा बंडलं आणून ठेवलीत.

बाहेर मक्याची कापलेली शेतं, नोव्हेंबर.
आत रॉकेलचा हीटर, आणि एकतीस सालची फोर्ड,
छप्पर चार इंच बसकं केलेलं,
अंगावर नुसतं राखाडी अस्तर.
नऊ वर्षं झाली.
सीट एका ठोकलेल्या मिनीव्हॅनची, करवतीने निम्मी केलेली.
तेलाच्या दाबाची तबकडी वडिलांच्या ट्रॅक्टरची,
तेव्हाही खोटं बोलायची.

कोपऱ्यात यंत्रावर वाकलेली माझी बहीण, अर्डिथ.
सव्वीस वर्षं तिने शवपेट्यांची अस्तरं शिवली,
सॅटिन, चुण्या, डोक्याखालची छोटी उशी.
गिऱ्हाइकाची कधी तक्रार नाही, ती म्हणते,
नातेवाइकांची असते.

ऑगस्टमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरने कागदावर चौकट काढली
आणि मध्ये पेनाने काळं केलं, बराच वेळ, गोल गोल.
कडा राहतील, म्हणाला. मधलं जाईल.
उन्हाळ्यापर्यंत. कदाचित आधीच.
परतताना ट्रकमध्ये ती गावाच्या पाटीपर्यंत गप्प होती.
मग म्हणाली,
रेक्झिनवर खडूच्या रेघा मार, जाड मार,
दर दीड इंचाला एक.
आणि तुझ्या त्या रंगाला सांग, रांगेत उभा राहा.

म्हणून हे उलटं.

रेक्झिन गडद लाल, वाळत आलेल्या जखमेचं.
दोन शिवणींमधून फोमची पट्टी सरकवायची लाकडी फुटपट्टीने,
गव्हाच्या ओंबीसारखे उंचवटे उठत जातात एकामागून एक.
मी सरकवतो, ती शिवते,
नाक सुईपासून चार बोटांवर,
मान जरा तिरकी, कोंबडीसारखी,
कारण सरळ पाहिलं की सुईच गायब होते.
गोंदाच्या वासाने दोघांचं डोकं दुखतं.
शेजारचा टोबिन येऊन विचारतो, ज्वाळा काढणार ना पुढे?
पिवळ्या?
कुणी उत्तर देत नाही.

उजव्या दारावर सातवी शिवण घसरली,
तांदळाच्या दाण्याएवढी.
मला दिसली नव्हती. तिच्या अंगठ्याला दिसली.
राहू दे, म्हणालो, कोण बघतंय.
तिने सगळी रांग उसवली.
पुन्हा शिवली. पुन्हा घसरली, किंचित कमी.
आता राहू दे, ती म्हणाली.

शनिवारी सीट बसवली. चार बोल्ट,
चौथ्याचा आटा गेलेला, शिव्या देऊन बसला.
दारं लावली तेव्हा आवाज बदललेला होता,
पत्र्याचा खणखणाट जाऊन घरातल्या कपाटाचा मऊ धप्प.
ती शेजारी बसली, काच पुसली नव्हती,
समोर फक्त गॅरेजचा बंद दरवाजा.
तिचा हात दारावर फिरत राहिला, खाली, वर,
सातव्यापाशी थांबला, पुढे गेला.

कुठला रंग देणारेस?
तू सांग, म्हटलं.
मला काय त्याचं, ती म्हणाली, मी आत बसणार.

मग तिने डॅशबोर्डचा कप्पा उघडून दाखवला.
आत मलईच्या रंगाचं सॅटिन, बारीक चुण्यांचं,
कारखान्यातून उरलेलं.
यात मी पाने ठेवणार होतो, म्हणालो. तेलकट.
ठेव की, ती म्हणाली.

गार्थचे तीन फोन येऊन गेलेत.
छताचं कापड अजून बाकी आहे.