उशीर

ओढ्याच्या वळणावर दगडात रोवलेली माझी पट्टी:
पांढऱ्यावर काळे आकडे, शून्य ते तीन मीटर.
खाली कांदरपाड्यात, गॅरेजच्या भिंतीवर,
ऑल्विन परेराने ऑइलपेंटने ओढलेल्या रेघा.
प्रत्येकीपुढे तारीख,
एकीपुढे नुसतंच : फ्रिज.

पावसाने धरलं की त्याचा फोन येतो.
"किती गं वर?"
एक दहा. एक चाळीस.
"बरं," म्हणतो, "मग रिक्षा बाहेर काढतो."
माझ्या एक चाळीसपासून त्याच्या उंबऱ्यापर्यंत
दहिसर नदीला दोन कप चहाचा वेळ लागायचा.
हे आमचं माप. खात्याच्या वहीत चालत नाही.

साहेब विचारतात, जंगल नेमकं करतं काय?
एका ओळीत लिहा.
मी लिहिते आणि खोडते.

ऐनाच्या पानावर पडलेला थेंब
खालच्या पानाची चौकशी करतो,
मग मगरीच्या पाठीसारख्या त्या सालीच्या
एकेका खाचेत बसत, उठत,
पाचोळ्यापाशी येतो.
पाचोळ्याखाली गांडुळांचे बोळ.
त्यांत शिरलेलं पाणी कुणाला विचारून बाहेर येत नाही.
मार्चमध्ये कधीतरी, पाड्याच्या वरच्या अंगाला,
खडकाच्या फटीतून दिसतं, करंगळीएवढं.
लखमी वरठा तिथे कळशी लावते
आणि भरेपर्यंत बसून राहते.
"गेल्या आषाढातलं आहे हे," ती म्हणते.
मी तपासलं नाही. वहीत तसंच लिहिलं.

झाडांची बाजू घ्यायची म्हणून घेत नाही ती.
एका कोरड्या वर्षी झरा होळीआधीच बसला,
आणि समोर कुंभ्याला खुशाल पालवी.
मी चिडले, तर म्हणाली,
"त्याला काय तहान नाय, बाय?
राखतो तो खातो थोडं."

मग पलीकडच्या उतारावरची कारवी गेली.
सात वर्षांनी फुलायची ती, सहाव्या वर्षी गेली.
एक पिवळं यंत्र, बारा दिवस,
आणि वर जायला गुळगुळीत रस्ता.
त्या पावसाळ्यात ऑल्विन म्हणाला,
"काय गं, तू एक वीस म्हणालीस
आणि मी चहा गाळतोय तोवर पायाशी!"
मी पट्टी पुन्हा पाहिली. पट्टी बरोबर होती.
मधला वेळच कुणी नेला होता.

आणि ती रात्र.
पावसाचा तिसरा दिवस, माती फुगलेली,
पाय टाकला की पावलाच्या खड्ड्यात लगेच पाणी.
पहाटे तीनला टॉर्च मारला तर पट्टीच दिसेना.
फोन केला. "आता आकडा नाही. निघ."
"अगं, वर जंगल आहे ना?"
"जंगल भरलं," मी म्हटलं.
पलीकडे थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू आला,
मग शटर ओढल्याचा आवाज.

नवी रेघ त्याने स्टुलावर चढून ओढली.

एप्रिलात तो पहिल्यांदाच वर आला,
हाताला ग्रीस तसंच, धापा टाकत.
मी झरा दाखवला.
वाकून पाहिलं त्याने, मग माझ्याकडे.
"हे? हे माझ्या फ्रिजवर चढलं?"
"ते पळालं ते," लखमी म्हणाली. "हे थांबलं होतं."
त्याने धारेखाली ओंजळ धरली.
ओंजळ भरेना. तो हसला, मग हसायचा थांबला,
घड्याळ काढून खिशात ठेवलं
आणि दगडावर बसला.

साहेबांना मी शेवटी एक शब्द लिहून पाठवला होता.
लाल प्रश्नचिन्ह होऊन परत आला.
तो कागद बॅगेतच होता,
लखमीने मागितला, घडी घातली,
आणि धार कळशीत नीट पडावी म्हणून
खडकाच्या फटीशी खोवून दिला.