थेट मुलाखत

जाहिरातीत होतं : बधिरीकरणशास्त्र, निवासी डॉक्टर, पदे दोन.
मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने हजर राहावे.
परळीहून सातच्या एसटीनं निघाले,
घाटात फाइल पोटाशी धरून,
उतू जाणारं पातेलं धरावं तशी.

व्हरांड्यात बाकावर आम्ही तिघं.
एक लातूरचा, सारखा घड्याळ बघणारा.
दुसरा सय्यद मुजम्मिल. त्यानं डबा उघडला,
धपाटं मोडून अर्धं माझ्या फाइलवर ठेवलं
आणि विचारलं, "स्कोलीनचा डोस किती धरता तुम्ही?"
पदं दोन, माणसं तीन,
धपाटं मात्र त्यानं बरोबर मधोमध मोडलं होतं.

शिपायानं हाक दिली, "आगाऊ केशर मारुती!"
"आघाव," मी म्हणाले.
"तेच की," तो म्हणाला.

आत टेबलावर हिरवं कापड,
पोट उघडायच्या आधी अंथरतात तसलंच.
मोहरीर मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
"भूलच का? टाके घालणाऱ्याला पेढे मिळतात.
आपल्याला विचारतात, तुम्ही सिस्टर का?"

मी पाठ केलेलं बोलले : विषयाची आवड, औषधशास्त्र वगैरे.
केजची रात्र नाही सांगितली.
सर्जन होते त्या रात्री, दिवे होते, हत्यारं उकळून तयार,
बाळाचे ठोके होते, मंदावत चाललेले.
भूल देणारं माणूस तेवढं नव्हतं.
मग अॅम्ब्युलन्स, आणि याच इमारतीचा दरवाजा.
"बाई, मला झोपू देऊ नगा," वत्सला म्हणत होती,
होळ मागं पडेपर्यंत म्हणत होती.
पुढचं मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

टोकाला बसलेल्या सरांनी पेन खाली ठेवलं.
"लाइट गेली. जनरेटर पकडत नाही.
मॉनिटर काळा, पोट उघडं. बोला."

मला दादा दिसले.
वीजकेंद्रात बावीस वर्षं कंत्राटावर,
रात्रपाळीला काट्यासमोर बसून.
काटा हलला तर धावायचं, नाही हलला तर बघत राहायचं.
सकाळी घरी येऊन सांगायचे, "काई झालं नाही,"
केसांत राख, आणि आवाजात असा रुबाब
की काही झालं नाही ते यांनीच घडवून आणलंय.

"बोट नाडीवर," मी म्हणाले.
"पिशवी हातानं दाबीन. मोबाइलच्या उजेडात ओठ बघीन.
लाइट आली तरी बोट लगेच काढणार नाही."

सरांनी काहीतरी लिहिलं.
मॅडम चहा ढवळत होत्या, साखर केव्हाच विरघळली असावी.
"शेवटचं. पेशंट विचारतो, परत उठेन ना?
तुमच्या हातात सिरिंज. काय सांगाल?"

किराण्याच्या पावतीखाली छापलेलं असतं,
चूकभूल द्यावी घ्यावी.
आपल्याकडं घेणारा झोपलेला असतो.
हे ओठांवर आलं, गिळलं.
"सांगेन, मी इथंच आहे."
"बस?"
"उठाल की नाही ते मला तरी कुठं माहीत असतं, मॅडम.
मी उठून जाणार नाही, एवढं माहीत असतं."

कुणी मान डोलावली नाही.
"यादी चारला लागेल. पुढचा पाठवा."

बाहेर हाक मारायला कुणीच नव्हतं.
शिपाई स्टुलावर झोपलेला, हनुवटी छातीत रुतलेली,
घोरणं अडकत, सुटत, मध्येच बंद.
मी मोजलं. चार. पाच. सहा.
मुजम्मिलला खुणेनंच आत जा म्हटलं,
दोन बोटं हनुवटीखाली घातली,
मान हलकेच मागं नेली, भिंतीला टेकवली,
त्याच्याच टॉवेलची घडी मानेशी सारली.
श्वास आला. गेला. परत आला.
त्याला कळलंसुद्धा नाही.

चारला अजून पाऊण तास होता.
चहाची टपरी फाटकाबाहेर, डोकं दुखत होतं.
अर्धं धपाटं फाइलवरच खाल्लं,
त्याच्या छातीवरची नजर न काढता.