पेजरचे हप्ते

"विद्याधर तेमकर आहेत का? पेजरचे हप्ते थकलेत, मॅडम."
पेजर!
हाताला बोंबलांचा वास, फोन खांद्यात दाबलेला,
मी भांडुपच्या मोरीत एकटीच हसले.

सत्त्याण्णवचे चार हजार दोनशे
आता एकसष्ट हजार झालेत म्हणे.
लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानात आता मोमो मिळतात.
बँक दुसरीने गिळली, तिला तिसरीने,
उरलेल्या याद्या या पोराच्या मालकाने घेतल्या,
रद्दीच्या भावात.

भाची वकील आहे. म्हणाली,
मावशी, मुदत कधीच उलटली.
फक्त कबूल होऊ नकोस, रुपयाही देऊ नकोस.
कर्ज जागं होतं.

मंगळवारी त्याने अर्जाचा फोटो धाडला.
खाली सही. 'वि'ची वेलांटी पार पुढच्या अक्षरावर कललेली,
शेवटी दोन टिंबं, उगाचच.
हे गेल्यापासून ती टिंबं पाहिली नव्हती.

"सही ओळखता ना, मॅडम?"

कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली.

"नाही," म्हटलं.

"बरं. पुढच्या आठवड्यात परत करतो फोन."
"कर. पण नऊच्या आत कर,
मग पाणी जातं."